सत्यान्वेषी आणि त्याचा ऐकणारा

शरच्चंद्र चट्टोपाध्याय मराठीत आले ते मामा वरेरकरांचे बोट धरून, आणि मराठी घरांत ते इतके रुळले की त्यांचे मूळ बंगाली असल्याचा अनेकांना विसर पडला. शरदिंदू बंद्योपाध्याय आमच्या पिढीकडे निराळ्या वाटेने आले. बासू चटर्जींनी त्यांच्या कथांवर हिंदीत मालिका केली, १९९३ साली ती दूरदर्शनवर लागली, आणि कोलकात्यातील एक धोतर नेसणारा, सिगारेट ओढणारा, मंद हसणारा तरुण आमच्या ओळखीचा झाला. त्याचे नाव ब्योमकेश बक्षी. मालिकेचा दुसरा टप्पा १९९७ साली आला. दोन्ही मिळून तीसहून अधिक भाग झाले. लेखकाचे नाव श्रेयनामावलीत येत असणार, पण ते वाचण्याचे आमचे वय नव्हते.

आम्ही दोघे वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. १९९३ साली आमच्यापैकी एक सहावीत होता आणि दुसरा नववीत. त्या वेळी वाशीम हा जिल्हाही नव्हता. १ जुलै १९९८ रोजी तो अकोल्यापासून वेगळा झाला. गल्लीत दूरचित्रवाणी संच मोजके, छपरावरच्या अँटेनाला दिशा देण्यासाठी एक मुलगा कायमचा नेमलेला, आणि विजेचा भरवसा नाही. हे सारे आमच्या वयाच्या कोणत्याही वाचकाने अनुभवलेले असल्यामुळे त्याचा विस्तार करीत नाही. एकच गोष्ट नोंदवायची आहे. उलगड्याच्या ऐन क्षणी वीज गेली की दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर आम्हांला तो उलगडा आपापल्या बळावर करावा लागे. खुनी कोण हे ठरवण्यासाठी प्रत्येकाला आदल्या रात्री पाहिलेले पुन्हा आठवावे लागे, आणि वाद रंगे तो खुन्याच्या नावावरून कमी, पाहिलेल्या तपशिलावरून अधिक. दार आतून बंद होते की नुसते लोटलेले? म्हातारा उजव्या हाताने लिहीत होता की डाव्या? आज वर्गात कवितेचे वाचन घेताना आम्ही याहून वेगळे काही करतो असे आम्हांला वाटत नाही.

तोवर पडद्यावरचा गुप्तहेर म्हटला की डोळ्यांसमोर येई तो करमचंद. पंकज पराशर यांच्या १९८५ सालच्या त्या मालिकेत पंकज कपूर गाजर खात, काळा चष्मा लावून आणि किटीला गप्प बसवून गुन्ह्यांचा छडा लावीत. तो विनोदाच्या अंगाने जाणारा, चुरचुरीत प्रकार होता आणि त्याची गोडी आम्ही नाकारीत नाही. मराठीत ‘एक शून्य शून्य’ होते, रमेश भाटकरांचे ‘हॅलो इन्स्पेक्टर’ होते. पण तिथे तपास करणारे पोलीस असत. शोध हे त्यांचे कर्तव्य, आणि कर्तव्याच्या पाठीशी गणवेशाचे बळ. ब्योमकेशजवळ यांतले काहीच नव्हते. त्याला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्ददेखील आवडत नसे. आपल्या दारावर त्याने ‘सत्यान्वेषी’ अशी पाटी लावली होती. हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तो त्या मालिकेत. संस्कृत संधीचा इतका सुरस वापर आम्हांला शाळेने तोवर दाखवला नव्हता.

आणि ते धोतर! त्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण आमच्याकडच्या प्रेक्षकाला ते ज्या रीतीने भिडले तसे ते मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला भिडले असेल असे वाटत नाही. आमचे आजे धोतर नेसत. कपाशीच्या वावरात, बाजारात, बँकेच्या रांगेत ते धोतरातच दिसत, आणि शाळेत शिकू लागलेल्या आम्हां नातवांना त्याची चोरटी लाज वाटे, हे आज मान्य करण्यात अडचण नाही. हिंदी चित्रपटात धोतर नेसणारा माणूस एक तर सावकार असे, नाही तर गाऱ्हाणे घेऊन आलेला शेतकरी. रजित कपूर यांनी तेच वस्त्र एका सुशिक्षित, तल्लख, शहरी तरुणाच्या अंगावर इतक्या सहजतेने वागवले की ते वस्त्र आहे याकडे लक्षच जाऊ नये. बंगाली नेसणे वेगळे आणि आपले वेगळे, हे खरेच. पण बुद्धीचा आणि पाटलोणीचा काही संबंध नाही, हे आम्हांला कुणी व्याख्यान देऊन सांगितले नाही; पाहता पाहता ते कळून गेले.

रजित कपूर त्यापूर्वी श्याम बेनेगलांच्या ‘सूरज का सातवाँ घोडा’मध्ये (१९९२) गोष्ट सांगणारा माणिक मुल्ला झाले होते. पुढे बेनेगलांच्याच ‘द मेकिंग ऑफ द महात्मा’मधील (१९९६) गांधींच्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या दोन भूमिकांच्या मधे ब्योमकेश ठेवून पाहिला की एक धागा दिसतो. तिन्ही माणसे आवाज न चढवता दुसऱ्याला आपल्याकडे वळवणारी आहेत. ब्योमकेशचा संशय डोळ्यांत दिसतो, आवाजात उतरत नाही. गुन्हेगाराशी बोलतानाही तो सौजन्य सोडत नाही, आणि त्यामुळेच तो गुन्हेगाराला अधिक भयंकर वाटत असावा. त्याच्यानंतर अनेकांनी ही भूमिका केली. त्याच्याआधी, १९६७ साली, सत्यजित राय यांच्या ‘चिडियाखाना’त खुद्द उत्तमकुमारांनी केली होती. २०१५ साली दिबाकर बॅनर्जींनी सुशांत सिंह राजपूतला घेऊन युद्धकाळातील कोलकाता मोठ्या झोकात उभे केले. ते सर्व पाहूनही आमच्या मनातला ब्योमकेश हलला नाही. हा बालपणीच्या ओढीचा भाग असेल, असे कुणी म्हणाल्यास आम्ही वाद घालणार नाही.

वाद घालू तो के. के. रैना यांच्यासाठी.

मालिकेविषयी जे काही लिहिले-बोलले जाते त्यात रैनांच्या वाट्याला एखादे वाक्य येते: ब्योमकेशचा मित्र अजित याची भूमिका त्यांनी ‘समर्थपणे’ केली. हे ‘समर्थपणे’ म्हणजे समीक्षकाने हात झटकण्याची रीत आहे. वास्तविक रैना हे दुय्यम भूमिकांत रमणारे नट नव्हेत. बासू चटर्जींच्याच ‘एक रुका हुआ फैसला’मध्ये (१९८६) बारा जणांच्या खोलीत एकटा उभा राहून शंका उपस्थित करणारा पंच त्यांनी साकारला होता, आणि त्याच्याशी शेवटपर्यंत भांडणारा पंच होता पंकज कपूर, म्हणजे आपला करमचंद. ज्या नटाने प्रश्न विचारून एक अख्खा चित्रपट पुढे नेला, त्याला चटर्जींनी इथे ऐकण्याचे काम दिले. ही निवड आम्हांला मालिकेतली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

कारण ऐकणे हे पडद्यावर करून दाखवायला फार अवघड काम आहे. अजित बॅनर्जी हा लेखक आहे. ‘सत्यान्वेषी’ या कथेत तो एका मेसमध्ये राहत असतो. अनुकूलबाबू नावाचे होमिओपॅथीचे डॉक्टर ती मेस चालवतात. आणि अतुलचंद्र मित्र असे नाव सांगणारा एक गरजू तरुण त्याच्या खोलीत वाटेकरी म्हणून येतो. हा अतुल म्हणजेच ब्योमकेश, हे अजितला ठाऊक नसते आणि आपल्यालाही नसते. तिथून पुढे अजितचे अज्ञान ते आपले अज्ञान आणि त्याचे आश्चर्य ते आपले आश्चर्य. रैनांनी हे अज्ञान कधी बावळट होऊ दिले नाही. होम्सच्या वॉटसनला अनेक चित्रपटांनी विदूषक केले. भालबा केळकरांच्या मराठी अनुवादांतून होम्स वाचलेल्या वाचकाला ते खटकल्याशिवाय राहत नाही. रैनांचा अजित बुद्धीने ब्योमकेशच्या एक पाऊल मागे असतो, मानाने मात्र बरोबरीचा. तो चिडतो, रुसतो, चहा पितो, मित्राच्या मौनाचा त्याला राग येतो. खोलीत तो बसलेला असला की त्या खोलीला घरपण येते.

आता ज्या भागामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. ‘मकडी का रस’. मूळ कथा शरदिंदूंची आरंभकाळातील. एक आजारी, तोंडाळ, विकृत वृत्तीचा म्हातारा आहे. त्याला कोळ्यापासून काढलेल्या विषारी रसाचे व्यसन आहे. घरच्यांनी सर्व वाटा बंद केल्या आहेत, खोलीवर पहारा आहे, तरी रस त्याच्यापर्यंत पोहोचतो. कसा? ब्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला असल्याने तो अजितला पाहणी करायला पाठवतो. अजित जातो, पाहतो, परततो, आणि पाहिलेले सांगतो. ते ऐकून, त्या घरात स्वतः पाऊल ठेवण्यापूर्वीच, ब्योमकेशला उत्तर सापडते. रहस्यकथेचा शेवट सांगू नये हा संकेत आम्हांला मान्य आहे. परंतु ही कथा लिहून नव्वद वर्षे होऊन गेली आहेत, तेव्हा वाचक क्षमा करतील. म्हातारा दिवसभर लिहीत असतो, आणि लिहिता लिहिता लेखणीचे टोक जिभेला लावतो. रस लाल शाईत आहे.

अजितने हे पाहिले होते. त्याला त्याचा अर्थ लागला नव्हता. आणि अर्थ न लागताही त्याने ते सांगितले.

या एका गोष्टीपाशी आम्ही पुनःपुन्हा येऊन थांबतो. अजितच्या जागी दुसरा कुणी हुशार निवेदक असता तर त्याने घरातली माणसे, त्यांचे हेतू, येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तू यांचा नीटस गोषवारा दिला असता, आणि म्हाताऱ्याची ती किळसवाणी सवय बिनमहत्त्वाची म्हणून गाळली असती. रहस्य मग कायमचे रहस्य राहिले असते. ब्योमकेशच्या प्रतिभेला पुरणारा कच्चा माल अजितच्या प्रामाणिकपणातून येतो. आपल्याला जे कळले नाही ते गाळायचे नाही, हा त्याचा धर्म आहे. रैनांनी तो वृत्तान्त सांगताना चेहऱ्यावर जो एक किंचित कंटाळलेला, ‘याचा काही उपयोग नाही, पण विचारतोस म्हणून सांगतो’ असा भाव ठेवला आहे, तो त्यांच्या अभिनयाचा उत्कृष्ट नमुना म्हणून आम्ही कुणालाही दाखवू.

आमच्या विद्यार्थ्यांचे नेमके याउलट चालते, आणि त्यात त्यांचा दोष कमी आहे. कवितेत एखादी ओळ अडली की उत्तरपत्रिकेत ती ओळ नसतेच. जे कळले तेवढ्याचा सारांश, त्यावर मार्गदर्शक पुस्तकातली चार विशेषणे, आणि उत्तर पूर्ण. आमच्या व्यवस्थेने त्यांना हेच शिकवले आहे: न कळणे लपवा. आमचे काही विद्यार्थी मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवरून येतात, पोहरादेवीच्या परिसरातले. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी घरातल्या म्हाताऱ्यांची गाणी उतरवून आणा असे सांगितले, तर पहिल्या वर्षी जे कागद आमच्या हाती आले ते पाहून आम्ही दोघेही चकित झालो. गोरमाटी गाण्यांतले अडचणीचे शब्द नाहीसे झाले होते आणि त्यांच्या जागी स्वच्छ, प्रमाण, पुस्तकी मराठी उभी होती. आजीने जे गायले ते गाळून नातीने जे समजले ते लिहिले होते. गाणे गेले होते, गोषवारा उरला होता. ती लाल शाई पुसली गेली होती.

तेव्हापासून प्रकल्प सुरू होण्याआधी आम्ही ‘मकडी का रस’ दाखवतो. विभागाच्या खोलीत, जुन्या संगणकावर, पंचवीस जण दाटीवाटीने. हसतात सुरुवातीला, दृश्ये स्टुडिओत उभारलेली, प्रकाश सपाट, म्हाताऱ्यांच्या दाढ्या काही वेळा उघडच चिकटवलेल्या. आजच्या मुलांना ही गती सोसत नाही, अशी आमची भीती होती. ती पहिल्या दहा मिनिटांतच फोल ठरते. दोन माणसे बसून बोलत आहेत आणि त्या बोलण्यातून काहीतरी सरकत आहे, हे एकदा लक्षात आले की मुले स्थिर होतात. ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’ करणाऱ्या दिग्दर्शकाला बोलणाऱ्या माणसांवर कॅमेरा कसा ठेवायचा हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती. चटर्जी मुळात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रकार. कमी रेषांत माणूस उभा करण्याची सवय त्यांना तिथूनच लागली असावी. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, आणि त्याच वर्षी ४ जूनला चटर्जी गेले. त्या वसंतात पुष्कळ घरांत पुष्कळ काळाने पुन्हा एकदा सगळे जण एकाच पडद्यासमोर बसले होते. ‘रास्ते का कांटा’ पुन्हा पाहताना आम्हांला आठवले की शाळकरी वयात या भागानंतर कितीतरी दिवस मागून सायकलची घंटी वाजली की आम्ही अंग चोरून रस्त्याच्या कडेला होत असू. ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण ठाऊक आहे. ज्यांनी नाही, त्यांच्यासाठी हा एक उलगडा तरी राखून ठेवतो.

सत्यवतीविषयी मात्र तक्रार आहे, आणि ती मालिकेइतकीच मूळ कथांविषयीही आहे. एका खुनाच्या तपासात ब्योमकेशला ती भेटते, त्यांचे लग्न होते, आणि मग ती बहुतांशी चहाच्या ट्रेमागे जाते. ही भूमिका सुकन्या कुलकर्णींची. वामन केंद्रे यांच्या ‘झुलवा’मध्ये ज्या अभिनेत्रीने रंगमंच पेलला, आणि पुढे ‘आभाळमाया’त सुधा जोशीच्या रूपाने जी मराठी घरांत वर्षानुवर्षे वावरली, तिच्या ताकदीला सत्यवतीमध्ये वाव तो किती? तरीही संपूर्ण बंगाली वातावरणात एक मराठी चेहरा, आणि तोही परका न वाटणारा, हे पाहून आम्ही सुखावत असू. ब्योमकेश फारच गूढपणा करू लागला की सत्यवती त्याच्याकडे ज्या नजरेने पाहते, त्या नजरेत सुकन्याबाईंनी बरीच न लिहिलेली वाक्ये घातली आहेत.

या मराठी धाग्यावरून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. शरदिंदूंचा जन्म १८९९चा. १९३८ साली ते बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईत आले, आणि १९५२ साली पटकथालेखन सोडून पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या पहिल्या कथा १९३२ पासूनच्या; पुढे दीर्घ खंड पडला; आणि १९५१मध्ये ‘चित्रचोर’ या कथेपासून ब्योमकेश परतला. म्हणजे उत्तरार्धातल्या कितीतरी कोलकाता-कथा पुण्यात लिहिल्या गेल्या. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मराठा पोराच्या साहसकथा त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. ब्योमकेशलाही त्यांनी एकदा महाबळेश्वरला आणले, सह्याद्री हॉटेलात उतरवले. १९७० साली शरदिंदू वारले. इतकी वर्षे आपल्यात राहून लिहिणाऱ्या या लेखकाची आमच्या साहित्यव्यवहाराने काय दखल घेतली? एम.ए.च्या दोन वर्षांत आम्ही त्यांचे नाव ऐकले नाही. मग बाबूराव अर्नाळकरांचे तरी कुठे ऐकले? हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून झुंजार आणि काळापहाड घराघरांत नेणारा हा माणूस, ज्याच्या पुस्तकांनी कित्येकांना अक्षरांची चटक लावली, तो वाङ्मयेतिहासात फार तर एका परिच्छेदाचा धनी होतो. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मात लागला असे म्हटले आहे, वत्सगुल्म म्हणजे आमचे वाशीम. त्या लग्नाच्या मांडवात रहस्यकथेला आजही आहेराच्या पंगतीला बसवत नाहीत. असो.

महाबळेश्वरच्या त्या कथेत एक गंमत आहे. अजित कोलकात्यात असतो, त्यामुळे ब्योमकेशला घडलेले सारे स्वतःच पत्रातून लिहावे लागते. भुताखेतांवर विश्वास नसलेल्या या सत्यान्वेषीसमोर तिथे असे काही येते की जे त्याच्या तर्कात बसत नाही. आणि तो ते गाळत नाही, पत्रात जसेच्या तसे लिहून मित्राकडे पाठवतो. इतकी वर्षे अजितच्या सहवासात राहिल्याचा हा परिणाम, असे आम्ही मानतो. शेवटच्या काही कथांत शरदिंदूंनी अजितला निवेदनातून मोकळे केले. तो आपल्या प्रकाशनव्यवसायात रमला आणि कथा तृतीयपुरुषी झाल्या. त्या वाचताना रचना पक्की वाटते, पण खोलीतली एक खुर्ची रिकामी असल्यासारखे वाटत राहते.

गेल्या वर्षीच्या प्रकल्पात एका विद्यार्थिनीने आजीचे लग्नगीत उतरवून आणले. अकरा ओळी. त्यांतल्या चार ओळींखाली पेन्सिलीने रेघ आणि समासात नोंद: ‘हा शब्द मला कळला नाही. आजीने दोनदा तसाच म्हटला. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती हसली आणि पुढे गायला लागली.’ आजी का हसली यावर आम्हां दोघांचे अद्याप एकमत झालेले नाही. पावसाळा संपला की तांड्यावर जाऊन विचारायचे ठरले आहे; मुलीने बजावले आहे की बोलायचे तिनेच, आम्ही फक्त ऐकायचे.